सव्वीस इंच

वाणीनं टेपचं टोक अंगठ्यानं जमिनीवर दाबून धरलं आणि पट्टी दाराच्या खालच्या कडेपर्यंत ओढली.

"पंचवीस," ती म्हणाली.

"आधी किती होतं?" गाडीखालून मेकॅनिक सुंदरेशनं विचारलं.

"बावीस. पण पुढची बाजू अर्धा इंच कमी दिसतेय."

"ती राहू दे, अक्का. टॉर्शन बार याहून पिळला तर खड्ड्यात चाकाला खाली जायला जागा उरणार नाही. आतल्या माणसाला दणके बसतील."

"मग नको," वाणी लगेच म्हणाली.

मुकुंदराव, तिचे वडील, एका जुन्या टायरवर छत्री मांडीवर घेऊन बसले होते. ही पिकअप त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी नदीकाठच्या बागांतून केळीची पानं आणायला घेतली होती. वाळूत रुतू नये म्हणून चारही चाकांना जोर असलेली. आता पानांचा धंदा नव्हता. गाडीच्या दाराखालची पायरी गंजून कधीच गळून पडली होती. गाडी सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी वाणीच्या आईला, गंगाबाईंना, कुंभकोणमला डायलिसिसला नेण्यापुरती निघायची.

परवा बुधवारी ती पाण्यात बंद पडली. त्यांची वस्ती सुंदरपेरुमाळ कोयिल गावाच्या पुढे, कालव्यापलीकडे. पावसानं कालव्यावरचा फरशीपूल पाण्याखाली गेला होता. मध्यावर पंख्यानं पाणी उडवलं, इंजिन गुदमरलं आणि गंगाबाई पाय सीटवर घेऊन बसून राहिल्या. अर्ध्या तासानं एका ट्रॅक्टरनं गाडी मागे ओढली. त्या घरी चालत गेल्या. त्या दिवशीचं डायलिसिस चुकलं. गाडी दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला बांधूनच पलीकडे सुंदरेशच्या गॅरेजात गेली.

वाणी आडुतुरैच्या भातसंशोधन केंद्रात माती तपासायची. त्याच संध्याकाळी तिनं पुलाच्या कठड्याशी काठी बुडवून पाणी मोजलं आणि एका जुन्या अहवालाच्या पाठीवर गाडीची आकृती काढली. मागच्या आसावर, स्प्रिंगच्या पाट्यांच्या खाली लोखंडी ठोकळे बसवायचे, पुढून स्प्रिंगचं काम करणारा टॉर्शन बार पिळायचा. आस पाण्यातच राहील, पण इंजिन आणि दारं तीन इंच वर येतील. तीन इंच पुरत होते. पाट्यांत एक जादा पाटा घालणं त्याहून सोपं होतं, पण गाडी ताठ झाली असती आणि अम्माच्या सुई टोचलेल्या हाताला हिसके बसले असते. म्हणून ते तिनं खोडलं. ठोकळे घरातल्या सागवानी चौकटीचे करून घेऊ असं मुकुंदरावांनी सुचवलं तेव्हा सुंदरेश हसला होता. लाकूड चिरलं तर आस जागचा सुटेल, राव सार, मग हॉस्पिटलात तुम्हीही शेजारी.

आता त्यानं शेवटचा नट आवळला आणि तो बाहेर सरकला.

"गाडीचा हत्ती झाला, राव सार. आता माहुताचं बघा."

मुकुंदराव उठून गाडीभोवती एक फेरी मारून आले. बुधवारपासून त्यांनी दाढी केली नव्हती.

"चल," ते वाणीला म्हणाले. "चार वाजेपर्यंत खाट ठेवलीय हॉस्पिटलानं."

घरी परतताना फरशीपुलावर वाणीनं काच खाली करून डोकं बाहेर काढलं. पाणी दाराच्या कडेखाली चार बोटं राहिलं. मुकुंदरावांनी पहिला गिअर सोडला नाही. पलीकडच्या चढावर चाकं लागली तेव्हा त्यांनी स्टिअरिंगवर दोनदा थाप मारली.

"बघितलीस?"

"बघितली, अप्पा."

गंगाबाई पिशवी भरून दारात तयार होत्या. सोमवारनंतर चार दिवसांत चेहरा सुजला होता, पायावर जोडव्यांच्या खुणा खोल गेल्या होत्या. त्या सावकाश गाडीजवळ आल्या. दाराच्या आतल्या कडीला हात घातला, लुगडं जरा वर घेऊन उजवा पाय उचलला आणि खाली ठेवला.

"उंच झालीय हो," त्या म्हणाल्या.

वाणी गाडीच्या त्या कडेकडे पाहत राहिली. तिनं आस मोजला होता, पाणी मोजलं होतं, पिळाचा कोनही मोजला होता. अम्माचा गुडघा कुठे वाकतो हे आकृतीत नव्हतं.

मुकुंदराव आतून देवघरातलं स्टूल घेऊन आले. गंगाबाईंनी त्यावर पाय ठेवला.

"डगमगतंय."

"मी धरलंय, अम्मा. चढ."

"होईना गे मला."

"मी उचलतो," मुकुंदराव म्हणाले.

"तुम्ही?" गंगाबाई हसल्या. "त्या रिकाम्या सिलिंडरला दोन माणसं बोलावता. भर रस्त्यात मला उचलणार!"

"मग कसं करायचं?"

गंगाबाईंनी स्टुलावरचा पाय खाली घेतला. समोरच्या घरातली बाई दोरीवरचे कपडे काढता काढता थांबून पाहत होती.

"कुंभकोणमला खोली घेऊ म्हटलं तेव्हा नाही म्हणालीस," मुकुंदरावांचा आवाज चढला. "कार्तिकाचे दिवे कोण लावणार म्हणालीस. आता गाडी उतरवली तर पाण्यात बंद पडते, चढवली तर तू चढत नाहीस. करू तरी काय मी?"

"काही करू नका. पाणी उतरलं की बघू."

"पाणी उतरायला आठवडा लागेल, अम्मा," वाणी म्हणाली. रक्तातलं पोटॅशियम आठवडाभर कसं चढतं, त्याचा आलेख तिला पाठ होता. तिनं तो सांगितला नाही. अम्मालाही तो माहीत होता. पहिल्याच महिन्यात तिनं डॉक्टरांना दोनदा विचारून घेतला होता.

"लागू दे," गंगाबाई म्हणाल्या आणि पिशवी घेऊन आत गेल्या.

साडेतीनला वाणीनं पुन्हा विनवलं. चारला हॉस्पिटलचा फोन आला. खाट दुसऱ्याला देऊ का, असं नर्सनं विचारलं. मुकुंदरावांनी वाणीकडे पाहिलं, मग आतल्या खोलीकडे, आणि म्हणाले, "द्या."

त्यानंतर ते गाडीच्या मागच्या फळीवर जाऊन बसले. पाऊस थांबला होता. वाणी आत येऊन आकृतीचा कागद घेऊन बसली. दाराखाली पायरी जोडली तर? पंचवीसच्या मध्ये, बारा इंचांवर एक लोखंडी पट्टी. सुंदरेशला उद्या सकाळी बोलवता येईल. तिनं पेन्सिलीनं रेघ काढली आणि तिला जरा बरं वाटलं. चूक तिची होती, आणि चूक दुरुस्त करता येण्यासारखी होती.

दिवेलागणीला ती पायरीचं माप घ्यायला टेप घेऊन बाहेर आली.

घरासमोर रस्त्याच्या कडेनं तिण्णै होती, गुळगुळीत लाल ओटा, दोन लाकडी खांबांचा. कार्तिकात रोज संध्याकाळी तिच्यावरच्या भिंतीतल्या कोनाड्यांत दिवे लागत. गंगाबाई पणत्यांचं ताट ओट्यावर ठेवत होत्या. मग त्यांनी खांबाला एक हात घातला, लुगडं जरा वर घेतलं, उजवा पाय ओट्यावर टाकला आणि एका हिसक्यात वर आल्या. क्षणभर खांबाला टेकून त्यांनी श्वास घेतला. वाकून ताट उचललं आणि पहिला दिवा कोनाड्यात ठेवला.

वाणी ओट्याजवळ आली. खाली बसून तिनं पट्टीचं टोक जमिनीवर दाबलं आणि ती ओट्याच्या काठापर्यंत ओढली.

सव्वीस.

तिनं पुन्हा लावून पाहिली.

वर गंगाबाईंचा हात दुसऱ्या पणतीवर थांबला होता. त्या वळल्या नाहीत.

"काय मोजतेस गे?" गाडीवरून मुकुंदरावांनी विचारलं. "पायरीचं का? किती आलं?"

वाणीनं पट्टी सोडली. ती खट्कन आत गेली.

"अंधारात नीट दिसलं नाही, अप्पा," ती म्हणाली आणि खाली राहिलेली तेलाची वाटी उचलून तिनं वर दिली.