बारावं मत

जयंतरावांनी नातीच्या कंपासपेटीतून खोडरबर काढलं, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर पेन्सिलीची एक रेघ ओढून ती खोडून पाहिली आणि समाधान झाल्यावर खोडरबर शर्टाच्या खिशात टाकलं. समोर रत्नप्रभाबाई पोह्यांच्या बशांवर शेव घालत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं आणि नवऱ्याच्या बशीवर शेव घालायची राहू दिली.

"एवढंसं तर काम आहे," जयंतराव म्हणाले. "चार ओळी. दोन मिनिटांत जातील."

"पाच आहेत."

"बरं, पाच."

"आणि त्या जायच्या नाहीत."

जयंतरावांनी कोरडे पोहे मुकाट्याने खाल्ले. शेव मागायची हिंमत त्या सकाळी त्यांना झाली नाही.

भानगड तशी पाच ओळींचीच होती. जवाहर चौकाजवळ मराठी मंडळाचं वाचनालय आहे. तिथे प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक आखीव कागद चिकटवलेला असतो आणि त्यावर 'वाचकाचं मत' असं छापलेलं असतं. पुस्तक वाचून झालं की तिथे दोन शब्द लिहायचे, खाली नाव, तारीख. टेबलाला सुतळीने पेन्सिल बांधलेली आहे. पहिल्या ग्रंथपालांनी ही प्रथा घालून दिली तेव्हा शाईला सक्त मनाई केली होती. माणसाचं मत बदलू शकतं, तेव्हा कागदावर जागा राहू द्या, असं ते म्हणायचे. त्या पेन्सिलीचा असा उपयोग होईल हे मात्र त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

रत्नप्रभाबाईंनी मत दिलं होतं 'तळ्याकाठचा तिसरा ठसा' या रहस्यकादंबरीवर. लेखक होते मंडळाचे अध्यक्ष अच्युतराव. कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले आणि सगळ्यांचे साहेब. जयंतराव त्यांच्याच हाताखाली एकवीस वर्षं चार्जमन होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण साहेबांचा फोन आला की जयंतराव अजून उभे राहून बोलतात.

बाईंनी लिहिलं होतं ते असं: 'खुनी पान ४१ वरच कळतो. कुणी विचारलेलं नसताना जो माणूस आपण त्या दिवशी इंदूरला होतो म्हणून सांगतो, तो इंदूरला नसतोच. इन्स्पेक्टर तपास कमी करतो आणि चहा फार पितो. शेवट उरकून टाकला आहे. नावाड्याची बायको मात्र जिवंत वाटते, तिच्यावर अजून लिहायला हवं होतं.'

यात खोटं काय होतं? पण पुढच्या रविवारी साहेबांच्या पंच्याहत्तरीचा सत्कार होता आणि त्या कादंबरीवरची सगळी मतं स्टेजवरून वाचायचं ठरलं होतं. गुरुवारी मंडळाचा सेक्रेटरी शैलेंद्र याचा फोन आला.

"काकू, अकरा मतं एकदम सुंदर आहेत. बारावं तेवढं तुमचं आहे. साहेबांनी स्वतः वाचलंय, फार मनाला लागलंय त्यांच्या. या रविवारी पुस्तकं बदलायला याल तेव्हा काढून टाका ना प्लीज. नाहीतर कमिटीत तुमच्या कार्डाचा विषय निघेल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही."

कार्ड गेलं तर काय जाईल हे शैलेंद्रला कुठून कळणार? रत्नप्रभाबाईंनी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत टायपिंग केलं होतं. दुसऱ्यांची मतं, दुसऱ्यांच्या सह्यांसाठी. 'सविनय सादर' हे शब्द त्यांच्या बोटांनी इतके बडवले होते की डोळे मिटूनही चुकले नसते. स्वतःचं मत त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही कुणाला दिलं नाही. निवृत्तीनंतर वाचनालयात पहिल्यांदा ती सुतळीची पेन्सिल हातात आली आणि एका खुनाच्या कादंबरीखाली त्यांनी लिहिलं, 'सगळे एवढे हुशार आहेत तर दाराला कडी का लावत नाहीत?' खाली स्वतःचं नाव. त्या दिवशी घरी येताना बाई बसमध्ये एकट्याच हसत होत्या.

पुढे तेरा वर्षांची जुई त्यात सामील झाली. आजी-नातीचा नियम ठरला. दर रविवारी दोन पुस्तकं आणायची, एक आजीचं खुनाखुनीचं आणि एक जुईचं, मुलांसाठी लिहिलेलं. बुधवारी अदलाबदल. पूर्ण वाचल्याशिवाय मत द्यायचं नाही आणि मत दिल्याशिवाय नवीन पुस्तक नाही. सुट्टीत टोळीला पकडणाऱ्या मुलांच्या कादंबरीखाली जुईने लिहिलं होतं, 'पाच मुलं तीन दिवस जंगलात, आणि कुणाच्याच आईचा एकदाही फोन येत नाही!' दुसऱ्या एकीखाली: 'हिरोइन माझ्या वयाची आहे, पण बोलते आमच्या पीटीच्या मॅडमसारखी.' आजीने त्या मतांची अक्षरशः दृष्ट काढायची बाकी ठेवली होती.

कोलार रोडवरून बस निघाली तेव्हा जुई खिडकीपाशी बसली होती. आजोबा पुढच्या सीटवर होते, खिशावर हात ठेवून.

"आजी, तू खरंच मिटवणार आहेस?"

"नाही."

"मग आजोबा रबर का घेऊन चाललेत?"

"त्यांचा खिसा, त्यांचं रबर."

"आणि कार्ड बंद केलं तर?"

 रत्नप्रभाबाई पुढच्या सीटवरच्या पांढऱ्या केसांकडे पाहत राहिल्या. त्यांच्या मनात कार्डापेक्षा वेगळंच काही सलत होतं. त्या मतात त्यांनी एक गोष्ट गाळली होती.

वाचनालयाच्या त्या प्रतीत बांधणीची चूक होती. पान ११२ नंतर पुन्हा ९७ येत होतं. तीच सोळा पानं दुसऱ्यांदा, आणि मग एकदम १२९. मधली सोळा पानं पुस्तकात नव्हतीच. वाचता वाचता कुणीही अडखळलं असतं. पण बाईंच्या आधीच्या अकरा जणांपैकी एकानेही ते लिहिलं नव्हतं. 'अप्रतिम!', 'साहेबांच्या लेखणीला सलाम', 'एका बैठकीत संपवली', हे शेवटचं शैलेंद्रचं. आणि चौथं मत, रेखीव अक्षरात: 'रात्रभर झोप लागली नाही. जयंत.' ज्या रात्री ही झोप लागली नव्हती त्या रात्री रत्नप्रभाबाई त्याच माणसाच्या घोरण्याने जाग्या होत्या.

आपलेच दात, आपलेच ओठ. बाईंनी पानांबद्दल लिहिलं नाही. चूक बांधणाऱ्याची आहे, लेखकाची नाही, अशी मनाची समजूत घातली. जुईला तर त्यांनी हे सांगितलंच नव्हतं.

वाचनालयात शैलेंद्र होताच, आणि लांब टेबलाच्या टोकाला स्वतः अच्युतराव बसले होते. इस्त्रीचा झब्बा, समोर कादंबरी. तिला आता चकचकीत कव्हर घातलं होतं. जयंतराव दारातच थांबले आणि अर्धे वाकले.

"बसा, जयंत. या वहिनी."

जयंतराव बसले नाहीत. रत्नप्रभाबाई मात्र साहेबांच्या बरोबर समोरची खुर्ची ओढून बसल्या, आणि जुई त्यांच्या शेजारी.

"काकू, मी म्हटलंच साहेबांना," शैलेंद्र घाईघाईने म्हणाला, "की तुम्ही समजूतदार आहात."

"समजतं म्हणूनच लिहिलंय," बाई म्हणाल्या.

जयंतरावांनी पुढे येऊन खिशातून खोडरबर काढलं आणि टेबलावर, बायकोच्या हाताशी, अलगद ठेवलं.

"टाक ना खोडून," ते हळू आवाजात म्हणाले. "झाकली मूठ राहू दे."

रत्नप्रभाबाईंनी एका बोटाने ते खोडरबर परत त्यांच्याकडे सरकवलं.

"नाही खोडणार. कार्ड बंद करायचं तर करा. पण कमिटीच्या वहीत कारण लिहा. लिहा की या बाईने पुस्तक वाचलं आणि तिला जे वाटलं ते लिहिलं."

शैलेंद्र काही बोलणार तोच अच्युतरावांनी हात वर केला. ते रागावलेले दिसत नव्हते, थकलेले दिसत होते.

"वहिनी, टीकेचं मला वावडं नाही. पण मला एक शंका आहे, ती विचारतो. तुम्ही इतकं बारीक लिहिलंत, पान नंबर दिलात, चहा मोजलात. आणि नावेवरच्या त्या संध्याकाळबद्दल एक अक्षर नाही? त्या प्रकरणावर मी दोन वर्षं घालवली. ज्याने ते वाचलं तो त्याबद्दल बोलल्याशिवाय राहणार नाही, असं मला आपलं वाटायचं. कसं वाटलं तुम्हाला ते?"

"असं प्रकरण मी वाचलेलं नाही," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

शैलेंद्रने टेबलावर हात आपटला. "घ्या! साहेब, मी काय म्हणत होतो? न वाचताच लिहिलंय. नुसता आकस. जयंतकाकांचं प्रमोशन राहिलं होतं ना तेव्हा, त्याचा राग अजून आहे."

जयंतरावांची मान खाली गेली. जुई आजीकडे पाहत होती. तिचे डोळे मोठे झाले होते आणि त्यांत पहिल्यांदाच एक शंका दिसत होती.

"आजी, तू पूर्ण वाचलं होतंस ना?"

बाईंना कुणी कानाखाली लगावली असती तरी एवढं लागलं नसतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांचा संसार. भल्या माणसाने कधी वर आवाज केला नव्हता, ना घरात, ना बाहेर. आणि इथे ही पोर, जिला त्यांनीच सांगितलं होतं की पूर्ण वाच आणि खरं लिही. एका बाजूला तो आणि एका बाजूला ती. मग बाईंनी पुस्तक ओढून घेतलं.

"साहेब, तुमचं नावेचं प्रकरण कितव्या पानापासून आहे?"

"एकशे चौदापासून. का?"

"काढून दाखवा."

अच्युतरावांनी चष्मा लावला. पानं उलटली. ११०, १११, ११२, ९७. ते थांबले. पुन्हा मागे गेले, पुन्हा पुढे आले. मग सावकाश एकेक पान मोजत १२९ पर्यंत गेले. रस्त्यावरून कुणीतरी 'ओ खाँ, गाड़ी हटाओ' म्हणून ओरडलं.

"घरच्या प्रतीत आहे," ते म्हणाले. "घरच्या प्रतीत तर आहे."

"असेल. या प्रतीत नाही. मी दोनदा शोधलं."

अच्युतरावांनी शेवटचा कागद उघडला आणि अकरा नावांवरून बोट फिरवायला सुरुवात केली. पहिलं. दुसरं. तिसरं. चौथ्यावर बोट थांबलं, पण साहेबांनी मान वर केली नाही. शैलेंद्र कपाटातली पुस्तकं सरळ करायला लागला. ती आधीच सरळ होती.

"साहेब," जयंतराव म्हणाले.

आवाज इतका मोठा निघाला की त्यांचे तेच दचकले. ते पुढे सरकले, आणि आयुष्यात पहिल्यांदा साहेबांनी न सांगता साहेबांशेजारची खुर्ची ओढून बसले.

"मी वाचलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, कसं वाटलं, म्हणून लिहिलं. तुम्ही विचारल्यावर नाही म्हणायची सवयच नव्हती मला."

त्यांनी पुस्तक स्वतःकडे वळवलं, खोडरबर उचललं आणि चौथी ओळ खोडायला घेतली. कागद चुरगळू नये म्हणून डाव्या हाताने त्यांनी तो दाबून धरला. 'रात्रभर' गेलं. 'झोप' गेली. शेवटी नाव गेलं. त्यांनी फुंकर मारून भुगा उडवला. थोडा साहेबांच्या झब्ब्यावर पडला. जयंतरावांनी तो झटकला नाही.

अच्युतरावांनी त्या रिकाम्या ओळीकडे पाहिलं. मग त्यांची नजर खाली सरकली आणि त्यांनी बारावं मत पुन्हा एकदा वाचलं, ओठ हलवत.

"नावाड्याची बायको," ते म्हणाले. "त्या सोळा पानांत तीच आहे. सगळी तीच आहे, वहिनी."

"मग ती पानं वाचायला द्या," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "वाचून मत बदललं तर बदललेलं लिहीन. चहाचं मात्र तसंच राहील."

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी मान हलवली. "शैलेंद्र, पुढच्या रविवारी स्टेजवर हे बारावंच आधी वाच."

जयंतरावांनी सुतळीची पेन्सिल हातात घेतली होती. चौथ्या ओळीवर टोक टेकवून ते बायकोकडे बघत होते.

"आता इथे काय लिहू गं?"

रत्नप्रभाबाईंनी त्यांच्या हातातून पेन्सिल काढून घेतली, पुस्तक मिटलं आणि ते जुईकडे दिलं.

"आजोबांच्या कार्डावर चढव," त्या म्हणाल्या. "आधी वाचू दे त्यांना."