रिव्काचे जोडे

बेरेंडच्या लुकासला जर्मनीतल्या कारखान्यात कामाला धरून नेलं, त्याच उन्हाळ्यात हार्मने सहा वर्षांच्या रिव्काला गवताच्या गाडीतून घरी आणलं. पोर अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू घरातली. तिच्या आईबापांना जर्मनांनी आधीच नेलं होतं. बेरेंड म्हणजे हार्मच्या बायकोचा, आल्चेचा थोरला भाऊ. त्याच्या घरातून मुलगा गेला, हिच्या घरात मुलगी आली. पण हिच्याकडची गोष्ट कुणाला कळू द्यायची नव्हती.

"चिखलाच्या पायांनी माझ्या स्वयंपाकघरात यायचं नाही," आल्चेने पहिल्याच दिवशी बजावलं. "लाकडी जोडे दाराबाहेर. इथं पाद्रीसुद्धा मोज्यांवर येतात."

"आणि जर्मन आले तर?"

"त्यांनाही काढायला लावीन."

"लावील हो ही," हार्म म्हणाला.

हार्मने तिला इवलेसे जोडे कोरून दिले. गोठ्यात दलदलीच्या मातीच्या वाळक्या विटा जळणासाठी रचलेल्या होत्या. दिवसभर रिव्का त्यांच्यामागे बसायची. दार लागलं की चुलीपाशी यायची, आणि जोडे भिंतीला लावून ठेवायची, अगदी आल्चेसारखे.

शनिवारी घरचे जोडे वाळूने घासायचे, चुन्याने पांढरे करायचे आणि कुंपणाच्या खुंटांवर पालथे घालायचे. रविवारी चर्चला कळकट जोडे घालून जाणं म्हणजे गावभर शोभा. रिव्काचे जोडे मात्र चुलीमागे वाळायचे. फेब्रुवारीत एका शनिवारी छान ऊन पडलं, आणि आल्चेच्या हातांनी सवयीने तेही कुंपणावर घातले.

तेवढ्यात बेरेंड आला.

"हे कुणाचे गं? हार्म धुण्यात आटला की काय?"

शेजारणीच्या पोरीचे, असं म्हणता आलं असतं. पण याच भावाने तिला पाठुंगळी घेऊन शाळेत पोचवलं होतं. त्याच्याशी कसलं खोटं बोलायचं? तिने त्याला गोठ्यात नेलं आणि विटांची एक रांग सरकवली.

"हा मामा का?" रिव्काने विचारलं.

बेरेंडने तिच्या गालाला हात लावला. "गारठलीय गं पोर," तो म्हणाला. "काळजी करू नकोस, आल्चे. मी काय परका आहे?"

मग तो मोज्यांवर आत बसून वाटाण्याचं सूप प्यायला. लुकासचं काही कळलं का, असं आल्चेने विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली आणि पावाने वाटी पुसून घेतली.

मंगळवारी पोलीस आले. जर्मन नव्हेत, आपल्याच मुलखातले. त्यांनी घर पाहिलं नाही, माळा पाहिला नाही. सरळ गोठ्यात गेले आणि तीच रांग सरकवली.

गाडीपाशी रिव्का थांबली. वाकून तिने जोडे काढले, एकाला एक लावून रस्त्याकडेला ठेवले.

"घाल ते, थंडी आहे," पोलीस म्हणाला.

"आत जोडे न्यायचे नसतात," रिव्का म्हणाली, आणि मोज्यांवर गाडीत चढली. हार्मलाही तिच्यामागे चढवलं.

पंधरवड्यात लुकास घरी परतला. त्यानंतरच्या शनिवारी बेरेंड आल्चेच्या दाराशी आला.

"माझा एकुलता एक आहे गं तो," तो म्हणाला. "तुला मूलबाळ नाही, तुला नाही कळायचं."

बोलता बोलता तो सवयीने जोडे काढायला वाकला.

"काढू नकोस," आल्चे म्हणाली. "तुला आत यायचं नाहीये."

तिने घासत असलेला छोटा जोड चुन्यात बुडवला आणि रस्त्याकडच्या खुंटांवर घातला. पुढे दर शनिवारी तो तिथे लागायचा, रविवारीही तिथेच असायचा. बेरेंडला चर्चला जायला दुसरी वाट नव्हती.

रिव्का मार्च १९४४मध्ये आउशवित्झला मारली गेली. हार्म त्याच वर्षी डिसेंबरात जर्मनीतल्या छावणीत वारला. बेरेंड १९६१ साली आपल्या घरी, लुकासच्या हातचं पाणी पिऊन गेला. आल्चे १९७८च्या ऑक्टोबरात गेली. शनिवार होता, आणि कुंपणावरचे छोटे जोडे अजून ओले होते.