उजव्या दिव्याचं चालान

मी एका काळीपिवळी जीपचा उजवा दिवा बोलतोय. डावा नव्हे, उजवा! हे आधीच सांगून ठेवतो, कारण स्टँडवरचे लोक आम्हा दोघांना एकाच मापानं मोजतात आणि माझं डोकं फिरतं. उजवा म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचा, रस्त्याच्या मधल्या अंगाचा. आमची गाडी किती रुंद आहे हे समोरून येणाऱ्याला मी सांगतो. डावा काय, कडेचं गवत आणि दगड दाखवतो. गुणी आहे बिचारा, पण खरं ते खरं.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात घडलो. पहिली चाकरी यवतमाळच्या एका साहेबाच्या जीपवर केली. साहेब सकाळी निघायचा आणि ऊन उतरायच्या आत घरी यायचा. ड्रायव्हर रोज मला मऊ फडक्यानं पुसायचा, पण पेटवायचा कधी नाही. दिव्याच्या जन्माला यायचं आणि नुसतं चकाचक राहायचं, याला काय जगणं म्हणायचं? पुढं जीप लिलावात निघाली, ती दारव्ह्याजवळच्या तांड्यातल्या पूनमसिंगनं घेतली, आणि माझ्या आयुष्यात खरा अंधार आला. अंधार आला म्हणजे काम आलं हो!

पूनमसिंग बंजारा माणूस. शेतात कापूस आणि तूर, दारात ही जीप. दारव्हा ते तांडा सवाऱ्या न्यायच्या. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. त्या फिरत्या तांड्याला लदेणी म्हणत. पूनमसिंग मिशीला पीळ देऊन सवाऱ्यांना सांगायचा, "आमचा धंदा तोच हाय. बैलाच्या जागी जीप आली, एवढंच."

मग त्याच्या गुडघ्यानं दगा दिला. क्लच दाबला की माणूस कळवळायचा. जीप विकायची की पुतण्या लखीरामला द्यायची, यावर घरात खल सुरू झाला. तेव्हा त्याची मुलगी वर्षा म्हणाली, "मी चालवीन." आधी सगळे हसले. पण ती पोरगी हटली नाही. शिकली, लायसन काढलं, सवारी गाडीचा बिल्ला मिळवला आणि एका सकाळी चावीसाठी बापासमोर हात पसरून उभी राहिली.

पूनमसिंगनं चावी दिली, पण अट घातली. "तांड्यात शंभर तोंडं हायेत. ज्या दिवशी पोलिसाचं पहिलं चालान फाटलं, त्या दिवशी चावी लखीरामले. मंग मले काही म्हनायचं नाही."

"नाही म्हनत, बा," वर्षा म्हणाली.

काय चालवायची पोरगी! खड्डा आला की असा चुकवायची की मागच्या सीटवरच्या म्हातारीच्या हातचा तंबाखू हलायचा नाही. वळणावर हॉर्न, समोर गाडी दिसली की लगेच डिपर. बाजाराच्या दिवशी बायका दुसऱ्या जीपा सोडून आमच्याकडं यायच्या. लखीराम स्टँडवर हाताची घडी घालून बघत राहायचा. त्याचे डोळे त्या चावीवरच असायचे.

आता माझ्या दुखण्याचं सांगतो. माझी काच शाबूत, बल्ब शाबूत, आतला आरसा लख्ख. दोष वायरचा होता. मागं कुठंतरी घासून ती सैल झाली होती, त्यामुळं मी अधूनमधून विझायचो. वर्षा खाली उतरून मला एक थप्पड मारायची की मी पेटायचो. "दसरा झाला की वायर बदलून टाकीन," असं ती मला म्हणाली होती. तुम्ही माणसं टीव्हीला मारता, पंख्याला मारता, रिमोट तर आपटता. तो चालू झाला की तुम्हाला वाटतं दुरुस्त झाला. असो.

दसरा आला. वर्षाची आई नंदाबाई, तिनं यंदा मोठाच घाट घातला होता. लदेणीच्या सगळ्यात पुढच्या बैलाच्या कपाळावर आरसे जडवलेली भरतकामाची झालर बांधायचे, हे तिनं आपल्या आजीकडून ऐकलेलं. आता घरची लेक सवाऱ्यांच्या पुढं बसून गाडी हाकते, मग या गाडीचं कपाळ उघडं कसं राहील? पावसाळाभर बसून तिनं लाल कापडावर बारीक बारीक आरसे टाचले, कवड्या लावल्या, गोंडे सोडले. दसऱ्याच्या सकाळी तिनं तेलात कालवलेला शेंदूर माझ्या काचेवर आणि डाव्याच्या काचेवर जाड थरानं चोपडला आणि वरून ती झालर बांधली. गोंडे थेट आमच्या डोळ्यांवर!

"याडी, दिवे झाकले ना!" वर्षा आईला म्हणाली.

"दिवाळीपरेंत राहू दे, बेटी. तुह्यासाठीच केली मी." नंदाबाईचा चेहरा असा फुलला होता की वर्षानं पुढं एक शब्द काढला नाही. मी झालरीआडून ओरडून ओरडून सांगत होतो, पण दिव्याचं ऐकतो कोण?

दुसऱ्या दिवशी बाजार आटोपून संध्याकाळी आम्ही दारव्ह्यातून निघालो. वर्षानं बटण दाबलं. डावा लागला, मी नाही. रोज ती उतरून बघायची, पण आज झालरीमुळं काही कळायला मार्ग नव्हता. गावाबाहेर हवालदार सदाशिवराव गाड्या तपासत उभे होते. त्यांनी हात केला.

"काहो बाई, ही गाडी हाय का नवरी? समोरून लाल उजेड, अन् तोंडावर पदर!" त्यांनी झालर वर उचलली, शेंदरावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं वाकून पाहिलं. "अन् हा तं बंदच हाय!"

सवाऱ्या एका सुरात विनवायला लागल्या. सणाचे दिवस, लेकरू आहे, जाऊ द्या साहेब. सदाशिवराव जरा विरघळलेही असतील. पण वर्षा खाली उतरली, तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"चालान करा साहेब. दिवा बंद हाय, चूक हाय," ती म्हणाली.

मला तेव्हा इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! चालान म्हणजे चावी जाणार, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं मान खाली घातली नाही. झालर वर गुंडाळून बांधली, ओढणीच्या टोकानं शेंदूर पुसला आणि परत वळून दुकानातून नवी वायर घेतली. मेकॅनिक घरी गेला होता आणि सवाऱ्या घाई करत होत्या, म्हणून वायर तिनं समोरच्या खणात टाकली. सकाळी स्वतःच बसवणार होती. तेवढ्यापुरती मला थप्पड दिली आणि मी तांड्यापर्यंत जीव लावून जळलो.

पण बातमी आमच्या आधी पोचली होती. पूनमसिंग दारातच उभा.

"नाक कापलं माहं. चावी दे."

"देईन बा. पन सकाळी तेवढी वायर बसवू दे."

"हात लावू नको गाडीले!"

नंदाबाई मध्ये पडली, "तिले काहून बोलता? झालर म्या बांधली." पूनमसिंग ऐकायच्या पलीकडं गेला होता. चावी लखीरामच्या खिशात गेली. दुसऱ्या दिवशी वर्षा आईबरोबर कापूस वेचायला शेतात गेली. जाताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला रडता येत नाही, नाहीतर काच फुटेपर्यंत रडलो असतो.

लखीरामची तऱ्हाच वेगळी. वर्षा त्याला सांगायला आली, "दादा, वायर खणात हाय. रस्त्याच्या अंगाचा दिवा हाय तो, बसवून घे." तो हसला. "एका दिव्यानं रस्ता दिसते मले." वर गुंडाळलेली झालर त्यानं शोभेसाठी पुन्हा खाली सोडली, आणि पोलिसाचं म्हणाल तर त्यानं रस्ताच बदलला. दारव्ह्याहून मागच्या कच्च्या वाटेनं, शेताशेतातून तांड्यावर. "पोलीसच नाही, तं चालान कोन फाडन?" असं सवाऱ्यांना सांगून आपल्याच हुशारीवर खूश.

दिवाळी जवळ आली, दिवस लहान झाले. एका संध्याकाळी लखीराम त्याच वाटेनं जीप दामटत येत होता. डावा लागलेला, मी मेलेला. समोरून एक मोटरसायकल आली. त्या माणसाला काय दिसलं असेल सांगा? रस्त्याच्या पार त्या कडेला एकच दिवा. त्याला वाटलं, एखादी फटफटी कडेनं येते आहे, आपल्याला मोकळी जागा आहे. आणि त्या मोकळ्या जागेत मी होतो! अख्खी जीप होती, काळोखात!

शेवटच्या घटकेला त्याला आमचं धूड दिसलं. त्यानं हँडल फिरवलं आणि मोटरसायकल धाडकन कापसाच्या शेतात घुसली. लखीरामनं ब्रेक दाबला. सवाऱ्या किंचाळल्या. शेतातून दोन माणसं कापसाची बोंडं अंगाला लावून उठली. चालवणारा तांड्यातलाच फुलचंद होता. आणि मागं बसलेला, पागोटं एकीकडं, चप्पल एकीकडं, असा उठला तो पूनमसिंग! शेजारच्या तांड्यावर सोयरिकीच्या बैठकीला दोघं निघाले होते.

आवाज ऐकून वर्षा आणि नंदाबाई पळत आल्या. त्यांचं शेत तिथून हाकेच्या अंतरावर, वेचलेल्या कापसाची गाठोडी बांधता बांधता त्यांना अंधार झाला होता. वर्षानं आधी बापाचे हातपाय चाचपले. खरचटलं होतं, बाकी धडधाकट. पूनमसिंग कुणाशी न बोलता लंगडत जीपसमोर आला. एकदा डाव्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग लखीरामकडं वळला.

"हा बंद हाय, तुले ठाऊक होतं?"

"होतं काका, पन... हिकडं पोलीस नसते ना."

"पोलीस नव्हता," पूनमसिंग म्हणाला, "मी होतो."

नंदाबाईनं पुढं होऊन माझ्यावरची झालर सोडली. "बैलाले अंधारात बी दिसते हो. गाडीले दिवाच डोळा. म्या डोळेच बांधले तिचे," असं म्हणून ती रडली आणि मग डोळे पुसून तिनं ती झालर वर टपाच्या दांडीला बांधली. वर्षानं खण उघडला, वायर काढली, पक्कड घेतली. आईनं मोबाइलची बॅटरी धरली. जुनी वायर काढली, नवी सोलून घट्ट पिळली, वर टेप गुंडाळला. वर्षाची ती बोटं! थप्पड खाऊन जगणाऱ्याला पहिल्यांदा कुणी औषध दिलं.

बटण दाबलं, आणि मी पेटलो! असा पेटलो, असा पेटलो की समोरचं सगळं शेत उजळलं. फुटलेला कापूस पांढराशुभ्र दिसायला लागला आणि सवाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. डावासुद्धा माझ्यापुढं फिका पडला. हे मी खोटं सांगत नाही.

पूनमसिंगनं लखीरामपुढं हात केला, चावी घेतली आणि सगळ्यांदेखत वर्षासमोर धरली. "घे, बेटी. चालान खरं होतं. म्याच खोटा राग धरला."

वर्षानं चावी घेतली नाही. हात मागं बांधून उभी राहिली.

"आता अट माही हाय, बा."

तांड्यात बापाला अट घालणारी पोरगी कुणी पाहिली होती?

"गाडी सुरू करायच्या आधी, रोज, एकानं समोर उभं राहून दिवे पाहायचे अन् मोठ्यानं सांगायचं. ड्रायव्हर कोनी बी असो. अन् आज तुमी पाहायचे."

पूनमसिंगनं पागोटं उचललं, झटकलं, नीट डोक्यावर बसवलं आणि दुखरा गुडघा ओढत माझ्यासमोर येऊन ताठ उभा राहिला. माझा उजेड त्याच्या मिशांवर पडला. साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडला, "डावा लागला! उजवा लागला! चाल माही वर्षा!"

तेव्हा कुठं तिनं चावी घेतली, आणि बाप तिच्या शेजारच्या सीटवर बसला.

आता दारव्ह्याच्या स्टँडवर संध्याकाळी या. आमची जीप निघायच्या आधी कुणी ना कुणी सवारी समोर येऊन आरोळी ठोकते. आधी दुसरे ड्रायव्हर हसायचे. आता त्यांच्या सवाऱ्याच त्यांना विचारतात, "तुमचे दिवे पाह्यले का?" काल तर लखीराम एका जीपसमोर वाकून दिवे बघत होता. मला बघून त्यानं नजर चुकवली, मीही मोठ्या मनानं काही बोललो नाही.

माझं वय झालंय. काचेवर बारीक ओरखडे आहेत, आरशाची कड काळी पडली आहे. एखाद्या दिवशी मी खरंच विझेन. तेव्हा मला लपवू नका, सरळ बदलून टाका. माझ्या जागी नवा आला तर त्यालाही सांगा, ही जागा उजव्याची आहे, मान राखून जळ म्हणावं.

बरं, येतो आता. सवाऱ्या भरल्या, आरोळी झाली, वर्षानं चावी फिरवली. समोर उभे असाल तर जरा बाजूला व्हा आणि डोळ्यांवर हात धरा. मी लागतोय!