दहा गुंठं आणि ओथाला

माझा राग कुणावर आहे ते आधीच सांगून टाकते. भावावर आहे, आईवर आहे आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःवर आहे.

मी वृषाली. बारामतीत राहते आणि चित्रं काढते. लग्नपत्रिका, शाळेच्या भिंती, दुकानांच्या पाट्या, येईल ते काम. गेल्या वर्षी पहिल्यांदा काहीतरी धड आलं. पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशनाच्या मेघनाताईंचा फोन आला. उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स लोकांच्या रून लिपीवर मराठीत पुस्तक करत होत्या. चोवीस अक्षरं आणि प्रत्येकाचा अर्थ सांगणारं एकेक चित्र. मी हो म्हणून मोकळी झाले आणि मग रून म्हणजे काय ते शोधायला बसले.

ही माणसं लाकडावर, हाडावर, दगडावर अक्षरं कोरायची. लाकडाच्या रेषांत हरवू नये म्हणून अक्षरात आडवी रेघच नाही, सगळ्या उभ्या नाहीतर तिरक्या. माझा हात अक्षराच्या डोक्यावर रेघ ओढण्यात गेलेला, त्यामुळं पहिले आठ दिवस नुसता वैताग. प्रत्येक अक्षराला नाव आणि नावाला अर्थ. फेहू म्हणजे गुरं, म्हणजेच संपत्ती. इसा, नुसती एक उभी रेघ, म्हणजे बर्फ, सगळं थिजलेलं. लागुझ म्हणजे पाणी.

मेघनाताईंना हिमशिखरं आणि लांब नाकाची जहाजं हवी होती. मी म्हटलं, ताई, मी बर्फ पाहिलाय तो फक्त मासेवाल्याच्या पेटीत, मी तोच काढणार. आणि काढला. इसासाठी आमच्या पळसदेवच्या मच्छीमाराची पेटी आणि त्यात उभी लादी. फेहूसाठी वडगाव निंबाळकरला माझ्या नणंदेच्या गोठ्यातली शिंगं उगारलेली गाय. लागुझसाठी उजनीचं पाणी आणि उन्हाळ्यात त्यातून वर आलेलं देवळाचं शिखर. मेघनाताई चित्रं बघून म्हणाल्या, असंच करा.

तेवीस झाली. एक मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं, ओथाला. शंकरपाळ्याला खालून दोन पाय फुटावेत तसं दिसतं ते. अर्थ, वडिलोपार्जित जमीन, घरदार, वारसा.

ते कुठं बसून काढायचं हेही ठरलेलं होतं. पळसदेवला आमची सहा एकर आहे, धरणाच्या पाण्याला लागून. पाण्याकडच्या टोकाला एक कडुलिंब आहे. वडील, म्हणजे आमचे तात्या, जायच्या आधी सगळ्यांसमोर बोलले होते, "ही कडंची धा गुंठं वृषीची. तितं ती चित्रं काढंल." मला तिथं एक खोली बांधायची होती. उत्तरेला मोठी खिडकी, बस. बारामतीत मी ओट्याशेजारी बसून चित्रं काढते आणि फोडणीचे शिंतोडे कागदावर उडतात. बारा वर्षं मी त्या खिडकीच्या आशेवर काढली. पण तात्या बोलले तेवढंच. लिहून कुणी ठेवलं नाही, आणि मी लिहा म्हटलं नाही.

पुस्तकाच्या कामात मला स्वीडनमधल्या एका खडकाचे फोटो मिळाले. हजार वर्षांपूर्वीचा खडक, त्यावर सापासारख्या पट्ट्यात रून कोरलेले. गेर्लोग नावाच्या बाईची हकिकत आहे ती. नवरे मेले, मुलं गेली, एक मुलगी उरली, तीही वारली, आणि त्या मुलीचा वारसा गेर्लोगकडं कसा आला हे ओळीनं कोरून ठेवलंय. आणि सगळ्याच्या आधी, अगदी सुरुवातीला एकच शब्द, वाच. मला इतकं आवडलं की मी आईला फोन करून सगळी गोष्ट सांगितली. आई म्हणाली, "दगडावर कोराय लागलं व्हय बिचारीला." आणि मग तिनं विषय काढला, दिग्विजय कागद करतोय, तू सही करून टाक.

दिग्विजय माझा धाकटा भाऊ. त्याचाही लगेच फोन आला. "ताये, तुझी धा गुंठं सोडून बाकीचं माझ्या नावावं करून घेतो. यकदा इंदापूरला ये फकस्त."

आमच्याकडं हक्कसोड म्हणजे समारंभच असतो. बहिणीनं सही करायची, भावानं साडी द्यायची, मग सगळ्यांनी हॉटेलात जेवायचं. आणि भावानं पुढं केलेला कागद बहिणीनं वाचायचा नसतो. सही नाही केली तर भांडण, पण ते मिटतं. वाचला तर अपमान, तो मिटत नाही. निघताना माझा नवरा शिवम म्हणाला, "वाचून सही कर बरं का." मी त्याच्यावरच खेकसले, माझ्या भावावर संशय घेतोस? काय तोरा होता माझा!

भाऊबीजेनंतरच्या सोमवारी आम्ही इंदापूरच्या नोंदणी कार्यालयात बसलो होतो. चार पानं होती. मी उचलली, "लिहून देणार" एवढं वाचलं आणि आईनं माझ्या कोपराला चिमटा काढला.

"भावाचा कागुद वाचतीस व्हय गं? चारचौघांत?"

समोर दिग्याचे दोन मित्र उभे होते. दिग्या साडीच्या पिशवीशी चाळा करत होता. मी कागद खाली ठेवले. आत गेल्यावर तिथल्या बाईंनी नीट विचारलं, "दस्त वाचलाय का? मान्य आहे?" मी म्हटलं, "वाचलाय." माझा फोटो निघाला, अंगठा घेतला. मग आईचा. "तू वळख द्यायला हाईस," दिग्यानं तिला सांगितलं होतं. फोटो निघणार म्हणून तिनं पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला. दुपारी आम्ही हायवेवर जेवलो. साडी हिरवी होती.

जानेवारीत पळसदेवला गेले तर लिंबाभोवती कुंपण आणि आत पाया खणलेला. रोहित पक्षी बघायला येणाऱ्या पुणेकरांसाठी दिग्या सहा खोल्या बांधत होता. माझ्या दहा गुंठ्यांत.

"तेवढंच येगळं काढायचं म्हंजी परत मोजणी, परत नकाशा. म्हणून समदं यकत्रच घेतलं," तो म्हणाला. "तुला खोली लागली तर हायच की ताये. फोन करून येत जा फकस्त."

फोन करून येत जा! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी कोर्टात जाईन म्हटलं. आई मधे पडली. "भावाला कोर्टात खेचतीस? सही केलीस न्हवं? मंग?" हिरवी साडी मी तिथंच कट्ट्यावर टाकून आले. महिनाभर कुणाशी बोलले नाही आणि ओथालाचा कागद कोराच राहिला. मेघनाताईंना सांगत राहिले, होतंय, होतंय.

मग दिग्याचा फोन. माझी चित्रं आणि चोवीस अक्षरांचा अर्थासकट तक्ता त्यानं मोबाइलवर पाहिला होता. "ते वारसावालं चिन्ह हाय न्हवं तुझ्यात, ते गेटवं काढून दे. पुण्याची लोकं इचारतील हे काय. मी सांगन, घराण्याची खूण हाय. तुझाच हात पायजे बघ."

अरे निर्लज्जा! फोन भिंतीवर आपटणार होते. पण आपटला नाही. मी म्हटलं, "येते. पण दस्त बाहेर काढून ठेव. मी वाचणार आहे."

"आता वाचून काय करतीस?" तो हसला. पण काढून ठेवला. गेट त्याला फार सुंदर करायचं होतं.

सकाळी नऊला पोचले. आई अंगणात मेथी निवडत होती. दिग्या खुर्चीवर मोबाइल घेऊन बसला होता. मी ब्रश आणि रंगाचा डबा खाली ठेवला, आईच्या समोर पायरीवर बसले आणि मोठ्यानं वाचायला लागले. तिला ऐकवायचंच होतं मला. पोरीचं काय काय घालवलंस ते एकेक अक्षर ऐक म्हटलं.

"लिहून घेणार, दिग्विजय. लिहून देणार क्रमांक एक, श्रीमती प्रयागबाई..."

मी थांबले.

"ते वळखीचं आसंल," आई म्हणाली.

"ओळख देणारे शेवटच्या पानावर असतात, आई. तिथं दिग्याचे दोन मित्र आहेत. तू पहिल्या पानावर आहेस, माझ्याही वर." पुढचं मी भरभर वाचलं. "सदर मिळकतीतील, तसेच राहत्या घरातील आमचा संपूर्ण हक्क व हिस्सा आम्ही स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, कायमचा सोडून दिला आहे."

आईच्या हातात मेथीची काडी तशीच राहिली. "राहतं घर म्हंजी? हे?"

दिग्यानं मान वर केली नाही. "कागदावर लिव्हावं लागतंय तसं आये. तुला कोण हाकलतंय का?"

खोटं कशाला बोलू, मला क्षणभर बरं वाटलं. घे आता, असं वाटलं. मग तिचं तोंड बघितलं आणि माझीच मला किळस आली. फोटोसाठी पदर सारखा करणारी आई आठवली. तेव्हाही मी तिच्या शेजारीच बसले होते, हातात तीच चार पानं होती, आणि आम्हा दोघींत वाचता येणारी मीच होते. तीन महिने मी मेलेल्या माणसांची अक्षरं भिंग लावून वाचली होती.

"ताये, ऊन चढायच्या आत गेटचं घे की उरकून," दिग्या म्हणाला.

आईनं मेथीची जुडी बाजूला सारली. हात पदराला पुसले. त्याच्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. गुडघ्यावर हात टेकून ती माझ्याजवळ सरकली आणि कागदावर बोट ठेवलं, जिथं तिचा फोटो छापला होता.

"वृषे, वाच," ती म्हणाली. "पयल्यापास्नं वाच. हळू वाच."