पन्नासावं घर

“अहो डासमामा, परवाच तर पिंप बघून गेलात की!” शेजारच्या बाईंनी दार अर्धंच उघडलं. त्या पर्यटकांना खोल्या भाड्याने देत आणि गणवेश दिसला की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत.

“आज पुन्हा बघायचंय,” मामा म्हणाले. “पेशंट आमच्याच घरातली आहे.”

बाईंनी मुकाट्याने दार उघडलं.

मामांची बायको डेंगीने तीन दिवसांपासून दवाखान्यात होती. पेशंटच्या आसपासची पन्नास घरं तपासायची, हा मामांच्या मलेरिया खात्याचा नियम. साहेब म्हणाले, दुसऱ्याला पाठवतो. मामा ऐकेनात. तिला चावलेला डास कुठल्या पाण्यात जन्मला, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

एकोणपन्नास घरं झाली. मामांच्या धाकाने सगळ्यांची पिंपं लख्ख. राहिलं त्यांचं स्वतःचं.

“दिव्याखाली अंधार नसला म्हणजे मिळवली,” मागोमाग आलेल्या बाई पुटपुटल्या.

अंगणात कुंड्यांखालच्या ताटल्या कोरड्या होत्या. बायको दर रविवारी घासायची. कठड्यावर मोठाले शंख मांडलेले. मामांनी एक उपडा केला. थेंब पडला नाही. तरी त्यांनी शंखाच्या वळणात पिचकारी घालून ओढली आणि पांढऱ्या ताटलीत पाणी सोडलं. अळ्या वळवळल्या. मामा मोजतच बसले. एक तर कोष होऊन स्वल्पविरामासारखी वाकली होती, दोन दिवसांत उडाली असती. आपल्याला अजूनही गंमत वाटते आहे, हे लक्षात येताच त्यांना स्वतःची लाज वाटली.

फोन वाजला.

“सापडलं का हो कुठे?” बायकोचा आवाज पार खोल गेला होता.

शेजारीण बघत होती. तरी मामांनी सांगितलं, “आपल्याकडेच. शंखांत.”

“अगं बाई! मीच मांडले ना ते.”

“किनाऱ्यावरून आणले मी. एकेक करून.”

ती म्हणाली, “किती होत्या?”

“अकरा.”

“मोजल्यात ना! वाटलंच मला.” ती हसली आणि तेवढ्यानेच दमली. “प्लेटलेट अजून उतरल्यात म्हणे. संध्याकाळी या लवकर.”

“येतो. हे एवढं झालं की निघतोच.”

मामांनी अळ्या सापडलेल्या घरांना द्यायच्या नोटिसांचं पुस्तक काढलं, घर नंबर लिहिला. तपासणाऱ्याची सही केली. खाली घरमालकाची सही हवी होती. पुस्तक कठड्यावर टेकवून त्यांनी तीही केली, आणि नोटीस स्वतःच्या दारावर सगळ्यांना दिसेल अशी चिकटवली.