दाराची खालची कड

मी एक जुनी इस्त्री आहे, आणि मला वायर नाही. मित्रांनो, वस्तूने आपली कहाणी सांगताना नम्र राहावे, कोणाला नावे ठेवू नयेत आणि शेवटी थोडा उपदेश करावा, असा संकेत आहे. यातला पहिला आणि तिसरा भाग पाळण्याचा मी प्रयत्न करीन.

माझा तळ जाड लोखंडाचा, मूठ लाकडाची. मला विकत घेतले ताईने. आई लवकर गेल्यामुळे दोन भावांची आई होण्याचे काम तिच्याकडे आले होते. त्या कामाला मुदत नसते, रजा नसते आणि शेवटी निरोपसमारंभही होत नाही. दोघांचे शाळेचे सदरे तिने माझ्याखाली वर्षानुवर्षे कडक केले. ती आतली शिवणसुद्धा दाबून घेत असे. आतून चुरगळलेले कधी ना कधी बाहेर दिसतेच, असे ती म्हणायची. थोरल्याने ते ऐकले. कान धाकट्यालाही होते.

पुढे भावांनी फर्निचरचा कारखाना काढला आणि ताईने मला थोरल्याच्या हाती दिले. मित्रांनो, तुमच्या घरातली कपाटे बहुधा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची असतात. वरून त्या गुळगुळीत दिसतात. कडेला मात्र सगळे पोट उघडे. त्या कडेवर एक अरुंद पट्टी चिकटवावी लागते. तिच्या पाठीवर गोंद आधीच असतो. तो वितळवायला ऊब हवी, म्हणून मी. थोरला पट्टीवर कागद ठेवी, मला सावकाश पुढे नेई आणि मागोमाग लाकडी ठोकळ्याने कड घाशीत येई. घाई केली तर पट्टी सुटते, रेंगाळले तर करपते. एवढे तारतम्य मी पुढे माणसांतही फारसे पाहिले नाही.

थोरला चारही कडांना पट्टी लावायचा. भिंतीकडच्या आणि जमिनीकडच्या कडांनासुद्धा. धाकट्याला याचे हसू येई.

"दादा, दाराचं बूड कोण वाकून बघणारे?" त्याने एकदा विचारले.

"पाणी बघतं," थोरला म्हणाला. "त्याला वाकावं लागत नाही."

मग पट्टी लावणारे यंत्र आले. पाहुणे त्याला पाहायला येत, आणि धाकटा लग्नातल्या वरपित्यासारखा त्याच्याशेजारी उभा राहून कौतुक स्वीकारी. यंत्राला मी दोष देत नाही. त्याला जेवढी कड दाखवली तेवढी त्याने इमानाने झाकली. कोणती दाखवायची, हे माणूस ठरवत होता. थोरला आजारी पडून अंथरुणाला खिळल्यावर धाकट्याने ठरवले, की दिसते तेवढीच कड ही कड. मनुष्यजातीच्या पुष्कळ तत्त्वज्ञानाचे सार यात येते. त्याच सुमारास टेबलफॅनसाठी माझी वायर कापून नेण्यात आली आणि मला गंजक्या बिजागऱ्यांच्या खोक्यात टाकले. तिथे मला कोणी शिवले नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली मी आपोआप तापे आणि काही न करता निवे. तापून उपयोगी न पडणे ही काय शिक्षा आहे, ते तुम्हांला कसे सांगू?

थोरला बरा होऊन परतला तेव्हा तयार दारांची थप्पी भिंतीला टेकून उभी होती. त्याने सवयीने एका दाराच्या खालून अंगठा फिरवला. अंगठा खरखरला.

"ताईच्या स्वयंपाकघराची दारंही अशीच केलीस?"

"सगळ्यांची सारखीच, दादा. ताईला वेगळं कशाला?"

उभा जन्म चुलीशी मांडलेल्या उलट्या खोक्यांवर स्वयंपाक करणाऱ्या ताईला उतारवयात पहिल्यांदाच स्वतःचा ओटा आणि कपाटे मिळाली होती. भावांनी तिला दिलेली ती एवढी एकच भेट. थोरल्याने मला खोक्यातून उचलले, पट्टीचे वेटोळे आणि करवत घेतली आणि थेट तिचे घर गाठले.

सिंकखालचे दार मिटत नव्हते. खालून ते भिजल्या पावासारखे फुगले होते, आणि ताईने त्याला स्टूल टेकवून ठेवले होते.

"हवाच दमट आहे रे," ती म्हणाली.

"त्याला सांगितलंस?"

"सांगून काय? तो दुसरं दार आणील. तेही असंच." मग तिने मला पाहिले. "अगंबाई, ही अजून आहे?"

फुगलेली फळी पुन्हा बसत नाही, मित्रांनो. थोरल्याने दार उतरवले आणि सडलेला भाग करवतीने कापला. मला वायर नव्हती, म्हणून ताईने गॅसवर तवा ठेवला आणि मला तव्यावर. तिने कागद धरला, त्याने मला पुढे नेले. पट्टी बसली. ते माझे शेवटचे काम.

काही दिवसांनी धाकटा आला. दाराखालची फट पाहून तो हसला आणि म्हणाला, "दादाचं माप चुकलं वाटतं. दार दोन बोटं कमी पडलंय."

"माप बरोबर आहे," ताई म्हणाली. "वाकून बघ."

तो वाकला. खालून बोट फिरवले. मग सिंकपुढे तसाच बसून राहिला. ताईने त्याच्यासाठी चहा केला. तो गार झाला.

कारखान्यात आता चारही कडा झाकतात की नाही, हे मला कळायला मार्ग नाही. थोरला हयात नाही. मी त्याच दाराआड, सिंकखाली असते. फटीतून उजेडाची पट्टी आत येते आणि ताईची पावले दिसतात. आता तीही कमी दिसतात. भांडी घासताना पाणी दारावरून ओघळते, खालच्या कडेशी येते, आत शिरायला वाट शोधते आणि मुकाट्याने जमिनीवर पडते.

आता उपदेश. जुन्या वस्तू जपा, असे मी म्हणणार नाही. जपलेल्या वस्तूही एकट्याच असतात. आपल्या घरातल्या एखाद्या दाराच्या खालून एकदा बोट फिरवा. गुळगुळीत लागले, तर समजा की कोणीतरी, कोणी पाहत नसताना, तुमच्यासाठी वाकले होते.