घरची टकळी, शाळेतली घुमी

टकळी हे नाव घरानं ठेवलं आणि घुमी हे शाळेनं. दोन्ही नावं एकाच मुलीची आहेत, हे शाळेला काही केल्या पटत नव्हतं. घरी सकाळी डोळे उघडले की तोंडाचा पट्टा सुरू, तो झोपेत एखादं वाक्य अर्धवट राहीपर्यंत. शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की ओठ शिवल्यासारखे. सात वर्षांची पोर, दोन वर्षांत शाळेत एक अक्षर बोलली नव्हती.

तेवढ्यावर भागलं असतं तर शाळेनं खपवून घेतलं असतं. न बोलणारी मुलं शाळांना आवडतातच. पण टकळीनं हजेरी घेणाऱ्या बाईंवर डबा भिरकावला, एका मुलीला ओरबाडलं आणि गाण्याच्या मास्तरांच्या हाताला तर ती कडकडून चावली. मास्तरांच्या गळ्याला काही झालं नव्हतं, तरी आठ दिवस गाण्याचे तास बंद राहिले.

टकळीची आई बसस्थानकावर घोषणा करायची. तिच्या एका वाक्यावर दोनशे माणसं मुकाट्यानं गाठोडी उचलून चार नंबरच्या फलाटावरून सातवर जायची. मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या, खोलीत मात्र तिच्या "ती घरी खूप बोलते हो" या वाक्यानं कुणाची भुवईही हलली नाही. मोठ्या बाईंनी फार प्रेमानं सांगितलं की प्रत्येक आईला आपलं मूल घरी वेगळंच दिसतं. काय ते एकदा डॉक्टरांकडून लिहून आणा, मग मुलीला वर्गात बसवायचं की नाही ते बघू.

मग कागद गोळा करायचा उद्योग सुरू झाला. मुलांच्या डॉक्टरांनी वजन केलं, घशात बॅटरी मारली आणि भुकेचं औषध दिलं. टकळीला भूक उत्तम लागायची, ती आणखी उत्तम लागायला लागली. कानाच्या डॉक्टरांनी इतके चांगले कान क्वचितच पाहायला मिळतात असं लेखी कळवलं.

तो कागद घेऊन आई-बाप तिला मुलांच्या वाढीच्या मोठ्या तज्ज्ञांकडे घेऊन गेले. नंबर तीन महिन्यांनी लागला आणि तज्ज्ञ बोलले आठ मिनिटं. त्यांनी टकळीला नाव विचारलं. ती जमिनीकडे बघत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं, आणखी मोठ्यानं. कानांची तारीफ करणारा कागद त्यांच्या हातातच होता. पाचव्यांदा विचारून झाल्यावर त्यांनी लिहिलं: नजर देत नाही, नावाला प्रतिसाद नाही, बोलत नाही, स्वमग्नता. आईनं मोबाइल पुढे केला. त्यात टकळीच्या घरच्या बोलण्याचं चौदा मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं. तज्ज्ञ म्हणाले, घरचं रेकॉर्डिंग आम्ही धरत नाही, मूल समोर जसं दिसतं तसंच बघतो. मुलगी घाबरल्यावर कशी दिसते ते त्यांनी अगदी बारकाईनं बघितलं होतं, यात शंका नाही.

दुसरं मत घ्यावं म्हणून दुसऱ्या तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी "वर बघ जरा" म्हणत टकळीची हनुवटी धरून वर केली. टकळीनं टेबलावरचा काचेचा गोळा फेकला. तो नेमका पहिल्या तज्ज्ञांच्या कागदावर पडला, त्यामुळे ते मत बाद झालं आणि अतिचंचलता आली. सोबत गोळ्या आल्या. गोळ्यांनी टकळी घरीही बोलायची थांबली. शाळेनं वहीत शेरा पाठवला: उत्तम सुधारणा. आईनं अकरा दिवस मुलीला भिंतीकडे बघत बसलेलं पाहिलं आणि बाराव्या दिवशी दवाखाना गाठला. तज्ज्ञ रजेवर होते. बदली डॉक्टरांनी फाइल चाळली, हे औषध का दिलंय ते आपल्यालाही कळत नसल्याचं प्रांजळपणे सांगितलं आणि ते बंद केलं.

घरी सासूबाईंचं निदान कधीच तयार होतं: मुलीची आई नोकरी करते. शिवाय आमच्या घराण्यात असलं काही नाही, हेही त्या रोज सांगायच्या. टकळीचा बाप जमिनीची मोजणी करायचा आणि बोलायचाही मोजूनच. तो दोघींच्या मधे बसून कागद तारखेप्रमाणे लावायचा.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंचं नाव कानाच्या डॉक्टरांकडच्या नर्सनं हळूच सांगितलं. तरुण बाई, एवढीशी खोली, एका खुर्चीची पाठ मोडलेली. इथं आपल्या पाठीमागे काय सांगतात ते बघायला सासूबाईही आल्या होत्या. बाईंनी टकळीला काहीच विचारलं नाही. "इथं तुला बोलायचं नाहीये, रंग तिकडे आहेत," एवढंच म्हणाल्या आणि तिच्याकडे अर्धी पाठ करून बसल्या. मग त्यांनी स्वतःच विचारलं, घरी बोलते त्याचं काही रेकॉर्डिंग आहे का?

कानाला लावून त्यांनी चौदाच्या चौदा मिनिटं ऐकली. नवव्या मिनिटाला खो-खो हसल्या. तिथं टकळी मोठ्या बाईंची नक्कल करत होती. टकळीनं रंगवता रंगवता मान वर केली. आईला काय झालं कोण जाणे, ती पर्समध्ये रुमाल शोधायला लागली.

बाईंनी विचारलं, डबा फेकला, ओरबाडलं, चावली, त्या प्रत्येकाच्या एक मिनिट आधी काय झालं होतं? हा प्रश्न इतक्या दिवसांत कुणालाच सुचला नव्हता. आईनं आठवून आठवून सांगितलं. हजेरीच्या बाई म्हणाल्या होत्या, "हजर" म्हणेपर्यंत उभी राहा. जिला ओरबाडलं त्या मुलीनं बोलतं करायला गुदगुल्या केल्या होत्या. आणि मास्तरांनी गाल दाबून "आ कर" म्हटलं होतं.

"घरात आणखी कुणाला असं होतं?"

बापानं नकारार्थी मान हलवली.

"आमच्यात असलं काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "हा तिसरीपर्यंत शाळेत बोलला नव्हता, पण तो शांत होता. आजार नव्हता त्याला."

बाप कागदांची चवड सरळ करत राहिला. ती आधीच सरळ होती.

त्यानंतर बाई आणि त्यांच्या सोबतच्या मानसतज्ज्ञ टकळीला आणखी तीनदा भेटल्या. एकदा शाळेत मागच्या बाकावर बसून आल्या. मग आई-बापांना बोलावून बाई म्हणाल्या, "ही चिंता आहे. याला निवडक मूकता म्हणतात. नाव चुकीचं आहे, कारण ती काहीच निवडत नाही. भीतीनं तिचा घसा आवळतो. आणि कुणी आवाज ओढून काढायला गेलं की ती चावते. मीही चावले असते."

यावर जादूचं औषध नव्हतं. बोलायला भाग पाडायचं नाही, आधी मान हलवणं, मग कुजबुज, मग शब्द, असं मुंगीच्या पावलांनी जायचं होतं.

शाळेनं हे पुढच्याच दिवशी अमलात आणलं. मोठ्या बाईंनी टकळीला सगळ्या शाळेसमोर उभं केलं आणि हिला कुणी बोलायला सांगायचं नाही, असं माइकवरून बजावलं. टकळी तिथंच ओकली. मग वाचा-उपचाराच्या बाई स्वतः शाळेत गेल्या आणि दार लावून अर्धा तास बोलल्या. बाहेर आलेल्या मोठ्या बाईंचा चेहरा इंजेक्शन घेतल्यासारखा होता. हजेरीला आता सगळ्याच वर्गानं हात वर करायचा असं ठरलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आई स्वयंपाकघरात होती आणि बाप गॅलरीत टकळीशेजारी बसला होता. तो म्हणाला, "मला बाईंना शूला जाऊ का असं विचारता यायचं नाही."

"मग?"

"मग काय. चड्डी ओली."

टकळी हसली नाही. "मला पण येत नाही," ती म्हणाली. "म्हणून मी पाणीच पीत नाही."

आईच्या हातातला चमचा थांबला. दोन वर्षं रोज भरलेली बाटली परत येत होती, आणि तिला वाटायचं, पोरीला तहान कमी आहे.

मग टकळीनं बापाची उलटतपासणी सुरू केली. घसा कुठं दुखायचा, इथं की इथं? मुलं काय म्हणायची? तिसरीत बोललास ते पहिलं काय बोललास?

बापानं बराच वेळ आठवून पाहिलं. "शेजारच्याला म्हटलं, सरक."

"एवढंच?"

"एवढंच. तो सरकला."

टकळी शाळेत अजून बोलत नाही. बाकावरच्या शेजारणीच्या कानात दोनदा काहीतरी कुजबुजली, असं हजेरीच्या बाईंनी सांगितलं. काय, ते त्यांना कळलं नाही, आणि या वेळी त्यांनी विचारलंही नाही.